छिन्नमनस्कता आणि ग्लुटामेट-ग्राहींची जनुके

छिन्नमनस्कतेच्या मुळाशी ग्लुटामेट या चेताप्रेषकाच्या व्यवहारातील उणीव असावी, ही कल्पना जनुकशास्त्राने जन्मास घातलेली नाही. ती औषधिविज्ञानाकडून आली. १९५९ साली ल्यूबी प्रभृतींनी फेन्सायक्लिडीन दिलेल्या व्यक्तींच्या ठायी या विकारासदृश लक्षणे नोंदविली. हे द्रव्य एन्. एम्. डी. ए. या ग्लुटामेट-ग्राहीचे कार्य रोखते, हे १९८३ साली दाखविले गेले. तेव्हा ग्राही घडविणारी जनुकेच सदोष असतील काय, हा प्रश्न ओघानेच आला.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्याची रीत मात्र दीर्घकाळ सदोष राहिली, आणि प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप तिच्यावरच आहे. सिद्धान्तास अनुकूल असे जनुक आधीच निवडावयाचे, काहीशे रुग्ण व तितकेच निरोगी लोक तपासावयाचे, आणि एखाद्या भेदाशी संबंध आढळताच तो प्रसिद्ध करावयाचा! नकारार्थी निष्कर्ष बहुधा खणातच पडून राहत. २००८ साली सँडर्स प्रभृतींनी अशा १४ बहुचर्चित जनुकांची सुमारे दोन हजार रुग्णांवर फेरतपासणी केली; एकाचाही संबंध ठामपणे प्रस्थापित झाला नाही. गंमत अशी की, त्या १४ मध्ये डोपामिनच्या दुसऱ्या ग्राहीचे जनुकही होते, आणि तेच २०१४ च्या संपूर्ण-जनुकसंच पाहणीत पुढे आले. म्हणजे दोन हजारांचा नमुनाही अपुरा होता. मग काहीशेंच्या नमुन्यावर उभारलेल्या होकाराचे मोल काय?

२०१४ च्या त्या पाहणीत ३६,९८९ रुग्ण होते. तीत १०८ जनुकस्थाने सापडली व ग्रिन२ए, ग्रिआ१ आणि जीआरएम३ ही ग्लुटामेट-ग्राहींची जनुके त्यांपैकी काहींच्या परिसरात येतात. परिसरात येणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे आमचे विद्यार्थी पुष्कळदा विसरतात. परंतु २०२२ साली २४,२४८ रुग्णांच्या प्रथिनसांकेतिक भागांची तपासणी झाली. जनुक निकामी करणाऱ्या विरळ उत्परिवर्तनांचा भार दहा जनुकांत निःसंशय आढळला, व त्या दहांत ग्रिन२ए आणि ग्रिआ३ होती. सामान्य भेद व विरळ उत्परिवर्तने, अशा दोन भिन्न वाटांनी ग्रिन२ए या एकाच जनुकापाशी पोहोचणे ही खरोखर वजनदार गोष्ट होय. शिवाय दिशाही जुळते: फेन्सायक्लिडीन ग्राहीचे कार्य रोखते, आणि ही उत्परिवर्तनेही ते उणावतात.

तथापि एवढ्यावरून ‘ग्लुटामेट-सिद्धान्त सिद्ध झाला’ असे लिहिणे अतिशयोक्तीचे ठरेल. उरलेली आठ जनुके ग्लुटामेट-ग्राहींची नाहीत. ग्रिन२एमधील दोष बालवयातील अपस्मार व वाचादोष यांच्याशीही निगडित आहेत. तेव्हा त्यास छिन्नमनस्कतेचे जनुक म्हणावयाचे तरी कसे? जीआरएम३ ज्या ग्राहीचे जनुक आहे, त्यावर व त्याच्या निकटच्या ग्राहीवर कार्य करणाऱ्या पोमाग्लुमेटॅड या औषधाने २००७ साली मोठी आशा दाखविली, पण २०१२ साली त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. जनुकस्थान सापडणे आणि उपचार सापडणे यांतील अंतर येथे उघड होते.

या मोठ्या पाहण्यांतील बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत. भारतीय लोकसमूहांत सामान्य भेदांचे प्रमाण व त्यांचा परस्परसंबंध वेगळा असल्याने तेथील आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या प्रबंधांत मांडता येणार नाहीत. आणि शंभर रुग्णांचा नमुना घेऊन ते पडताळताही येणार नाहीत.