प्रो. टर्नर यांची ‘मोकळी जमीन’

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं स्वतःविषयीं जी कल्पना मनाशीं बाळगली, तिला निश्चित शब्दरूप देण्याचें काम ज्या थोड्या निबंधांनीं केलें, त्यांत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांच्या निबंधाची गणना अग्रभागीं करावी लागेल. १२ जुलै १८९३ रोजीं शिकागो येथें इतिहासपंडितांच्या सभेंत तो वाचला गेला. ज्या जगत्प्रदर्शनाच्या निमित्तानें ही सभा भरली, त्याच निमित्तानें पुढें सप्टेंबरांत भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळें शिकागोचें नांव आपल्याकडे घरोघरीं माहीत झालें, प्रो. टर्नर यांचें नांव मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसें आलें नाहीं. १९२० सालीं हा निबंध त्यांच्या इतर लेखांसह ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. इतिहासाची गोडी असणाऱ्या वाचकांनीं तो अवश्य वाचावा, असेंच आम्ही म्हणूं. परंतु त्यांतील एका शब्दप्रयोगापाशीं त्यांनीं क्षणभर थांबावें, अशीही आमची विनंती आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘मोकळी जमीन’.

टर्नर यांचा सिद्धान्त थोडक्यांत असा. अमेरिकन समाजाचें बीज युरोपांतून आलें हें खरें. पण त्याला जें रूप आलें, तें पश्चिमेकडे सतत सरकणाऱ्या सीमेवर. पश्चिमेस मोकळी जमीन होती; वसाहत जसजशी पुढें गेली, तसतशी ती आटत गेली. सीमेवर पोंचलेल्या माणसाला कुळाचा व पदवीचा कांहीं उपयोग नव्हता. कुऱ्हाड, नांगर आणि शेजाऱ्याची मदत यांवरच त्याचा संसार उभा राहावयाचा. या जीवनक्रमांतून स्वावलंबन, समता, लोकशाही आणि राष्ट्रीय एकता हे गुण निपजले. १८९० च्या खानेसुमारीच्या अहवालांत, आतां सीमारेषा म्हणून दाखवितां येईल अशी सलग रेषा उरलेली नाहीं, असें नमूद झालें होतें. तोच धागा पकडून अमेरिकन इतिहासाचा पहिला कालखंड संपला, असें टर्नर यांनीं जाहीर केलें.

या उपपत्तीचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. घटनेचीं कलमें आणि पुढाऱ्यांचीं भाषणें यांतच रमलेल्या इतिहासाला टर्नर यांनीं जमिनीवर आणलें. त्यांच्या बाजूचा पुरावाही थोडा नाहीं. १८०३ सालीं या राष्ट्रानें फ्रान्सपासून लुइझियानाचा सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा मुलूख दीड कोटी डॉलरांस घेतला व आपला विस्तार जवळजवळ दुप्पट केला. एवढा मुलूख हातीं आल्यावर तो कायमचा अंकित ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठीं १७८७ सालीं जो कायदा झाला होता, त्यानें वेगळा पायंडा पाडला होता: स्वतंत्र रहिवाशांची संख्या ६०,००० झाली कीं नव्या प्रदेशानें जुन्या संस्थानांच्या बरोबरीनें संघांत यावें. १८६२ च्या कायद्यानें पांच वर्षें जमीन कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जवळजवळ फुकट मिळूं लागले. १८६९ सालीं वायोमिंगसारख्या नव्या प्रदेशानें स्त्रियांना मताचा हक्क दिला, तेव्हां पूर्वेकडील जुनीं संस्थानें त्या बाबतींत मागेंच होतीं.

असें असतां आमचा आक्षेप कोठें आहे? ज्या १७८७ च्या कायद्याचा गौरव वर केला, त्याच्याच तिसऱ्या कलमांत असें वचन आहे कीं, मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यांच्या संमतीवांचून कधींही घेतल्या जाणार नाहींत. जमीन मोकळी होती, तर संमति कोणाची घ्यावयाची होती? १८७१ पर्यंत अमेरिकन सरकार या जमातींशीं रीतसर तह करीत होतें. ओसाड रानाशीं कोणी तह करीत नाहीं. सीमा म्हणजे रानटीपणा व सुधारणा यांची गांठ पडण्याची जागा, असें टर्नर मानतात. पण चेरोकी लोकांचें उदाहरण घ्यावें. त्यांच्यांतीलच सिक्वोया नांवाच्या कल्पक पुरुषानें १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठीं लिपि सिद्ध केली. १८२७ सालीं त्यांनीं लिखित राज्यघटना केली. १८२८ पासून त्यांचें वृत्तपत्र निघूं लागलें. शेती तर ते करीतच. जॉर्जिया संस्थानाचे कायदे त्यांच्या मुलखांत लागू नाहींत, असा निर्णय १८३२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें दिला. तरीही १८३८-३९ सालीं लष्कराच्या बळावर त्यांना मिसिसिपीपलीकडे घालविण्यांत आलें. छावण्यांत व वाटेंत मिळून सुमारे ४,००० माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. नांगर, लिपि आणि कायदा हीं सुधारणेचीं लक्षणें असतील, तर येथें ती कोणत्या बाजूस होती, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा आक्षेप गुलामगिरीविषयीं आहे. अमेरिकन इतिहासाकडे योग्य दृष्टीनें पाहिल्यास तो प्रश्न एक प्रासंगिक बाब ठरेल, असा टर्नर यांचा अभिप्राय आहे. आम्हांस तर उलट दिसतें. पश्चिमेचा विस्तार झाला नसता, तर कदाचित् हा प्रश्न आणखी कांहीं वर्षें झांकून ठेवतां आला असता. विस्तारानें तो दर वेळीं चव्हाट्यावर आणला. १८२० सालीं मिसूरी, मेक्सिकोशीं झालेल्या युद्धानंतर १८५० सालीं कॅलिफोर्निया, १८५४ सालीं कॅन्सस व नेब्रास्का, अशा प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर एकच सवाल उठला: येथें माणूस विकतां येईल कीं नाहीं? कॅन्ससमध्यें त्यावरून रक्त सांडलें, आणि १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. शिवाय १७९० ते १८६० या काळांत सुमारे १० लाख गुलामांना जुन्या दक्षिणेंतून कापसाच्या नव्या मुलखांत नेण्यांत आलें. पुष्कळजण तर सांखळीनें बांधलेले पायीं चालत गेले. हेंही स्थलांतरच होतें, आणि तेंही पश्चिमेकडेच होतें. पण स्वावलंबी माणसाच्या चित्रांत या लोकांना टर्नर यांनीं जागा ठेविली नाहीं.

तिसरें असें कीं, स्थलांतराचा ओघ एकाच दिशेनें येत नव्हता. १८६९ सालीं पुरा झालेल्या आंतरखंडीय लोहमार्गाचा पश्चिम भाग मुख्यत्वें हजारों चिनी मजुरांनीं डोंगर फोडून बांधला. पण १६० एकरांचा लाभ नागरिकांना, किंवा नागरिक होऊं इच्छिणाऱ्यांना होता. आणि चिनी माणसाला नागरिक होण्याची वाट कायद्यानें बंद होती. १८८२ सालीं चिनी मजुरांना देशांत येण्याचीच बंदी झाली. हिंदी मनुष्यही या न्यायांतून सुटला नाहीं. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत काम केलेल्या भगतसिंग थिंद यांना, ते कायद्याच्या अर्थानें गोरे नाहींत, म्हणून १९२३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें नागरिकत्व नाकारलें.

या सर्वांवरून आम्हांस असें वाटतें कीं, नव्या राष्ट्राच्या समाजाला घडविण्याचें काम जमीन एकटी करीत नाहीं. तीवर कोणाची गणना करावयाची, हें जे ठरवितात तेच त्या समाजाला आकार देतात. अमेरिकेच्या घटनेनें प्रतिनिधींची वांटणी करतांना कर न देणारे मूळ रहिवासी हिशेबांतून वगळले होते. जेथें माणसें मोजावयाचींच नाहींत, तेथें जमीन मोकळी दिसल्यास नवल नाहीं.

टर्नर यांच्या निबंधाच्या चार वर्षें आधीं, १८८९ सालीं, पंडिता रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक मराठींत प्रसिद्ध झालें. तेथील लोकसत्तेची व स्त्रियांच्या उद्योगाची मनापासून स्तुति करणाऱ्या त्या पुस्तकांत त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनाही स्थान आहे. टर्नर यांचा निबंध वाचणाऱ्यानें तें पुस्तक शेजारीं ठेवावें, एवढीच आमची शिफारस आहे. ज्या जमातींच्या भूमीवर ही सीमा सरकत गेली, त्यांतील सर्वांना त्या देशाचें नागरिकत्व मिळाावयास १९२४ साल उजाडावें लागलें; तेव्हां शिकागोचा निबंध वाचून एकतीस वर्षें लोटलीं होतीं.