आभाळ टिपले, पण कुठले आणि केव्हाचे?

जूनचा पहिला आठवडा सरता सरता मुंबईत हौशी छायाचित्रकारांचा हंगाम सुरू होतो. एके काळी त्यासाठी कॅमेरा, रीळ आणि धुलाईचा खर्च सोसावा लागे. आता खिशातला मोबाइल पुरतो. पावसाळी आभाळाची ही छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात, शाळेच्या भित्तिपत्रकावर लागतात आणि भूगोलाच्या तासाला वर्गातही दाखवली जातात. शिक्षकांना त्यांचा साधन म्हणून उपयोग करायचा असेल, तर 'किती सुंदर!' एवढ्यावर थांबून चालणार नाही. ही चित्रे हवामानाविषयी काय सांगतात आणि कुठे दिशाभूल करतात, हे तपासले पाहिजे.

सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे मरीन ड्राइव्हच्या किंवा वरळीच्या कठड्यावर फुटणारी उंच लाट. खाली ओळ असते, 'मुसळधार पावसाचा तडाखा'. वास्तविक या लाटेचा त्या क्षणीच्या पावसाशी थेट संबंध नसतो. मोसमी वाऱ्यांनी दूर समुद्रात उठवलेल्या लाटा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती एकत्र आली, की लख्ख उन्हातही पाणी रस्त्यावर येते. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास. लाटेच्या छायाचित्राखाली तारीख आणि वेळ असेल, तर सातवीतला मुलगाही हा हिशेब पडताळून पाहील. ती नसेल, तर उरते केवळ धडकी भरवणारे दृश्य.

दुसरा प्रकार काळ्याकुट्ट ढगाचा. उंच इमारतींच्या माथ्यावर लांबलचक, फळीसारखी कड असलेला ढग. असा ढग खरोखर महत्त्वाचा असतो. गर्जन्मेघातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पुढे सरकते, समोरची दमट हवा उचलते आणि तिथे ही कड तयार होते. तिच्यापाठोपाठ सोसाट्याचा वारा येतो. पण छायाचित्रात ढग किती काळा दिसावा, हे पुष्कळदा कॅमेरा ठरवतो. क्षितिजाजवळच्या उजळ पट्ट्यावर प्रकाशमापन झाले, की बाकीचे सारे काळवंडते. नंतर रंग गडद केले, की उरलेसुरले काम होते. दुरून, मोठ्या भिंगाने टिपलेल्या चित्रात तर साठ किलोमीटरवर सह्याद्रीच्या कड्याशी वाढलेला ढग जणू घाटकोपरवरच टेकलेला दिसतो. बारा किलोमीटर उंचीचा ढग साठ किलोमीटरवरून क्षितिजापासून सुमारे अकरा अंश वर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरासाच जास्त. हे कोष्टक मुलांना शिकवले, तर अशा चित्राची भीती निम्मी होते.

अशा चित्रसंग्रहाचा खरा दोष याहून खोल आहे. तो डोळ्याला चुकीचे वळण लावतो. ज्या आभाळाला आकार आहे तेच धोक्याचे, असे वाटू लागते. पण मुंबईतली दीर्घ, संततधार वृष्टी बहुधा एकसारख्या करड्या आभाळातून होते. त्याला ना कड, ना रंग, म्हणून त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

२६ जुलै २००५ चे उदाहरण घ्या. त्या दिवसाच्या सकाळी साडेआठपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. तिथून चोवीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात तेरापट फरक! सांताक्रूझची वेधशाळा कुर्ल्यापासून सरळ रेषेत सहा-एक किलोमीटरवर. दुपारी पावसाने जोर धरला. भरती पावणेचारच्या सुमाराची. मिठी नदी फुगली आणि कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. त्या दिवसाची आपल्या स्मरणात राहिलेली छायाचित्रे बुडालेल्या बसगाड्यांची आणि छातीभर पाण्यातून चालणाऱ्या माणसांची आहेत. ती मोलाची आहेतच. पण पाऊस कुठून सरकला, कुठे थबकला, दक्षिणेकडे आभाळ केव्हा उजळ होते, हे सांगणारी वेळवार चित्रे त्यांत शोधावी लागतात. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडारही नव्हते. वेगवेगळ्या उपनगरांतून दिशा आणि वेळ लिहून काढलेली पन्नास सामान्य छायाचित्रे असती, तर अभ्यासकांना ती हवीच होती.

हौशी माणसाकडून ही अपेक्षा अवाजवी आहे का? इतिहास तसे सांगत नाही. ढगांना आज आपण ज्या पद्धतीने नावे देतो, ती सुचवणारा ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा औषध-व्यावसायिक होता; त्याचा निबंध १८०३ साली प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट या चित्रकाराने लंडनच्या संध्याकाळची शेकडो रंगचित्रे काढली. एकाच सायंकाळी रंग कसे बदलत गेले, ते त्याने मिनिटांच्या क्रमाने दाखवले, म्हणून १८८८ च्या रॉयल सोसायटीच्या अहवालात त्यांना स्थान मिळाले. २०१७ साली जागतिक हवामान संघटनेने आपल्या मेघसंग्रहात 'अ‍ॅस्पेरिटास' हे खळबळत्या लाटांसारखे दिसणारे नवे मेघरूप नोंदवले, तेही हौशी लोकांनी साठवलेल्या छायाचित्रांच्या बळावर. या सर्वांत कौशल्यापेक्षा नोंदीचा नेटकेपणा उपयोगी पडला.

मग छायाचित्रणाला कुर्ल्यासारखी जागा का नको? इथे समुद्र दिसत नाही, म्हणून संग्रहांत कुर्ल्याचे आभाळ जवळपास नसते. वस्तुतः माहीमचा किनारा इथून पाच-सहा किलोमीटरवर. पश्चिमेला मिठी आणि तिच्यापलीकडचे संकुलाचे मनोरे, उत्तरेला घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्या, आग्नेयेला ट्रॉम्बेची टेकडी. दिशा ओळखायला याहून चांगल्या खुणा कोणत्या? मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर पूर्वेला सह्याद्रीवर गर्जन्मेघ वाढताना टिपता येतील. मोसमात ढगांना मधूनच खिंडार पडते, तेव्हा दहा मिनिटांच्या अंतराने दोन छायाचित्रे काढावीत. कठडा दोन्हींत एकाच जागी हवा. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला गेलेले दिसतील आणि खूप उंचावरचे तंतुमेघ उलट, पूर्वेकडून पश्चिमेला. चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरून वाहणारा पूर्वेचा वेगवान वारा पाठ्यपुस्तकात वाचायचा, तो असा शाळेच्या गच्चीवरून दिसतो.

शिक्षकांसाठी सूचना साध्या आहेत. खिडकी एकच, चौकट एकच, वेळ रोजची एकच. तारीख, वेळ, दिशा आणि ओळखीची एक खूण लिहून ठेवावी. रंगांना हात लावू नये. शेजारी बाटलीच्या पर्जन्यमापकाने मोजलेला सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस नोंदवावा. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. सुट्ट्या धरूनही शंभराच्या आसपास चित्रे होतील. त्यांतली नव्वद करडी, कंटाळवाणी असतील. ती फेकू नयेत. कोणत्या करड्या आभाळातून दोन मिलिमीटर पडले आणि कोणत्यातून दोनशे, हा प्रश्न त्या नव्वदांतच आहे.

प्रत्येक वादळाच्या वेळी कुठली तरी जुनी, कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावरची चित्रे 'आत्ताची' म्हणून फिरतात आणि लोक घाबरतात. 'हे कुठले? केव्हाचे? कोणत्या दिशेचे?' हे तीन प्रश्न विचारायची सवय ज्या वर्गाला लागली, तो वर्ग अशा चित्रांना सहजी फसणार नाही. सुंदर आभाळ टिपायला हरकत कोणाचीच नाही. त्याच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या, की ते अभ्यासाच्याही कामी येईल.