जुन्नरच्या तीन बातम्या व बातमीदारांचा नायक

शिवकालीन हेरखात्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत बहिर्जी नाईकाच्या नांवावर इतक्या गोष्टी जमा झाल्या आहेत कीं, मूळ आधार कोणता व मागाहूनची भर कोणती हें निवडणें कठीण झालें आहे. पेशवाईच्या उत्तरार्धांत तीच जागा नाना फडणिसाला दिली जाते. राज्यांतलें पान हाललें तरी यांस कळत असे, ही स्तुति दोघांच्याही वांट्यास येते. परंतु या स्तुतीखालीं मुख्य प्रश्न झांकला जातो. बातमी आणणाऱ्यांचा नायक कोणत्या गुणावर निवडावा, आणि बातमीच्या निकालांत त्याचा स्वतःचा किती संबंध असावा? या प्रश्नाच्या परीक्षेस जुन्नर-शिवनेरीसारखें सोयीचें स्थळ दुसरें क्वचितच मिळेल. कारण सुमारें एकशेंचाळीस वर्षांच्या अवधींत येथें बातमीचे तीन प्रसंग घडले आणि तिहींचा निकाल निरनिराळा लागला.

पहिला प्रसंग १६५७ च्या एप्रिलअखेरचा. औरंगजेब त्या वेळीं बेदर-कल्याणीच्या मोहिमेंत गुंतला होता. शिवाजीमहाराजांनीं रात्रीं जुन्नरचा तट चढून शहर लुटलें. दोनशें घोडे व तीन लक्ष होन हातीं लागले. पहारा कोठें सैल, पागा कोठें, मोगली फौज किती दूर, हें आधीं कळल्यावांचून असा छापा साधत नाहीं. पण सभासद ही लूट सांगतो तेथें बहिर्जीचें नांव घेत नाहीं. तें सुरतेच्या प्रकरणांत येतें. म्हणून जुन्नरच्या छाप्याचें श्रेय बहिर्जीस देणें हें अनुमान आहे, आधार नव्हे. सभासदापासून निश्चित मिळतें तें एवढेंच, कीं हा माणूस शाहाणा व चौकस म्हणून जासुदांचा नाईक झाला. अष्टप्रधानांच्या यादींत तो नाहीं. बातमी आणणें त्याचें काम होतें. त्या बातमीवर तह करावा कीं स्वारी, हें ठरविणें त्याचें काम नव्हतें. त्याच्या वेषांतराच्या कथांपेक्षां ही विभागणी अधिक मोलाची आहे.

दुसरा प्रसंग १६७० नंतरच्या कांहीं वर्षांतला. शिवनेरीचा मोगली किल्लेदार अब्दुल अझीझखान हा मूळचा ब्राह्मण, धर्मांतर केलेला. त्याला द्रव्य देऊन जन्मस्थानाचा किल्ला मिळवावा असा महाराजांचा बेत होता. किल्लेदारानें होकार दिला, पैसा घेतला, किल्ला ताब्यांत देण्याचा दिवस नेमला, आणि तीच गोष्ट गुप्तपणें बहादूरखानास कळविली. किल्ला घेण्यास आलेल्या मराठी फौजेवर दबा धरलेले मोगल तुटून पडले व तिला माघार घ्यावी लागली. सर जदुनाथ सरकारांनीं आपल्या शिवचरित्रांत हा प्रसंग दिला आहे. पुढें महाराजांच्या हयातींत शिवनेरी स्वराज्यांत आलाच नाहीं. ज्या राज्याच्या हेरांची एवढी ख्याति, तें येथें फसलें कसें? माहिती देणारा आणि त्या माहितीवर पैसे मिळविणारा माणूस येथें एकच होता, आणि त्याचा शब्द ताडून पाहण्यास दुसरी वाट वापरल्याचें दिसत नाहीं. कौटिल्यानें यासाठींच सांगून ठेविलें आहे कीं, एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचें म्हणणें जुळेल तेव्हां तें खरें मानावें. बहिर्जीला सर्वज्ञ ठरविणारे लेखक हा प्रसंग गाळतात. गाळल्यामुळें बहिर्जी मोठा होत नाहीं, इतिहास मात्र लहान होतो.

तिसरा प्रसंग सर्वांत विचार करण्यासारखा आहे. खर्ड्याच्या लढाईच्या (मार्च १७९५) आधीं नानानें राघोबाचे मुलगे बाजीराव व चिमाजी आणि दत्तकपुत्र अमृतराव यांस शिवनेरीवर अटकेंत ठेविलें. पहाऱ्यावर विश्वासाचे म्हणून रघुपंत घोडबोले व बळवंतराव नागनाथ हे दोघे नेमले. ग्रँट डफ लिहितो त्याप्रमाणें बाजीरावानें बळवंतरावास वश केलें आणि त्याच्या मार्फत सवाई माधवरावाशीं गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. नानाला तो कळला. बळवंतरावास बेड्या घालून किल्ल्यावर टाकलें, बाजीरावावरचा पहारा वाढविला, आणि एकवीस वर्षांच्या पेशव्याला कठोर शब्द ऐकावे लागले. त्याच वर्षीं २५ ऑक्टोबरास माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडला व दोन दिवसांनीं वारला. तो आत्मघात कीं ज्वरांतला भ्रम यावर मतभेद आहेत. त्यांत येथें शिरत नाहीं.

नानाची बातमी खोटी नव्हती. उशिराही आली नव्हती. योग्यतेची उणीव कोठेंच दिसत नाहीं. मग दोष कशाचा? नाना मूळ फडणीस, म्हणजे हिशेबाचा अधिकारी. बारभाईंच्या कारस्थानापासून तो राघोबाच्या पक्षाचा उघड प्रतिपक्षी होता. कारभार, पक्ष आणि बातमी या तिन्हींच्या दोऱ्या त्याच्या एकट्याच्या हातांत आल्या. ज्या धन्याला बातमी पोंचवावयाची, त्याच्यावरच नजर ठेवण्यास ती यंत्रणा लागली. राघोबाच्या पक्षानें पूर्वीं इंग्रजांशीं संधान बांधलें होतें, म्हणून नानानें सावध राहणें प्राप्तच होतें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण त्या सावधपणाची मर्यादा कोणती, हें नानाला सांगणारा दुसरा माणूस राज्यांत उरला नव्हता. पुढच्याच वर्षीं परशुरामभाऊला शिवनेरीवर जाऊन, गाईचें शेंपूट धरून व गोदावरीची शपथ घेऊन बाजीरावाची खात्री पटवावी लागली. आणि ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, फिलोझ याच्या अभयवचनावर विसंबून शिंद्यांच्या छावणींत गेलेला नाना स्वतःच कैद झाला. मार्च १८०० मध्यें तो वारला तेव्हां बातमीचें जाळें संभाळील असें स्वतंत्र पद मागें नव्हतें. जें होतें तें एका माणसाचें होतें आणि त्याच्याबरोबर गेलें.

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाहीं. अमेरिकेंत २००४ सालीं कायदा होऊन सर्व गुप्तवार्ता खात्यांवर एक संचालक आला. संरक्षणविषयक मोठा अनुभव व सेनेटची संमति या अटी त्यांत घातल्या, तरी नेमणूक व बडतर्फी अध्यक्षाच्याच हातीं राहिली. आपल्याकडील १८८७ पासूनचा इंटेलिजन्स ब्यूरो किंवा १९६८ सालीं रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखालीं निघालेलें रॉ, हीं संसदेच्या स्वतंत्र कायद्यानें स्थापलेलीं नाहींत. योग्यता अटींत लिहितां येते. नायकानें नावडती बातमी निर्भयपणें सांगावी व आपल्या हिताची बातमी फुगवूं नये, यासाठीं त्याचें पदच तसें बांधावें लागतें.

संग्राहकांस यांतून एक विनंति. मंचर, घोडेगांव, ओतूर, नारायणगांव येथील जुन्या घरांतून रुमाल निघतात तेव्हां शिक्क्याचें पत्र जपलें जातें आणि सहीवांचूनची बातमीची चिठ्ठी रद्दींत जाते. वरील प्रश्नाचा निकाल अशाच चिठ्ठ्यांवर लागावयाचा आहे. कोणाच्या दफ्तरांत, कोणत्या पत्राशेजारीं ती सांपडली, हें टिपल्यावांचून रुमाल सोडूं नये. बातमी कोणी कोणास पोंचविली हें कळलें, तरच ती कोणासाठीं लिहिली होती हें कळेल.