दिवा, वात आणि वाक्प्रचार

वाक्प्रचाराचा अर्थ कोशांत सांपडतो; त्यामागील भाव मात्र ज्या घरांत तो जन्मला तेथेंच शोधावा लागतो. दिव्यासंबंधींचे आपले नित्याचे शब्दप्रयोग या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत.

‘दिवा विझव’ असें जुन्या घरांत सहसा म्हणत नसत. विझणें हा शब्द अशुभ. म्हणून दिवा मालवावयाचा, त्याला निरोप द्यावयाचा, किंवा पदर द्यावयाचा. मृत्यूची वार्ता देतांना ‘प्राणज्योत मालवली’ असें आपण लिहितों, त्यांतही हाच संकोच आहे. विजेच्या दिव्याला हा उपचार लागत नाहीं. तो आपण सरळ बंद करतों.

‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण समईच्या उजेडांत वाढलेल्यास समजावून सांगावी लागत नसे. तेलाच्या पात्राची सावली बुडाशीं पडते, हें तो रोज पाहत असे. छताला टांगलेल्या दिव्याखालीं उलट उजेडच अधिक. म्हण टिकली, पण तिचा दाखला घरांतून गेला.

‘दिवाळें’ या शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. बुडालेल्या व्यापाऱ्यानें पेढीवर दिवा पेटवून ठेवावा व आपण कांहीं काळ दूर व्हावें, अशी चाल असल्याचें ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशांत नमूद आहे. दिव्याशीं या शब्दाचें नातें वादग्रस्त असल्याचेंही तो कोश सांगतो. तें नातें खरें असो वा नसो, मंगल वस्तूला उपरोधाची धार लावण्यांत आपली भाषा कुशल आहे खरी. ‘मोठे दिवे लावलेस!’ हें वाक्य ज्यानें वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे, त्याला त्याचा अर्थ विचारण्याचें कारण नाहीं.

आणि हें वाक्य बहुधा ज्याला ऐकावें लागतें, तोच ‘वंशाचा दिवा’! येथें मात्र आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. वात वळणारी, तेल घालणारी, तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडावयास लावणारी घरची स्त्री; दिव्याचें नांव मात्र मुलाला. अलीकडे ‘मुलगी ही वंशाची पणती’ असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पणती म्हणजे मातीचा दिवा आणि नातवाची मुलगीही. तेव्हां कोटी सुरेख आहे, हेतूही चांगला आहे. तथापि आमच्या मतें ती अपुरी आहे. मुलीसाठीं निराळा, लहान दिवा कशाला? ‘दिवा’ शब्द पुल्लिंगी खरा. पण मुलीला ‘काळजाचा तुकडा’ म्हणतांना आपणांस व्याकरण कधीं आडवें आलें नाहीं. मुलीलाही सरळ घरचा दिवा म्हणावें. तोंवर ‘दिव्याखालीं अंधार’ या म्हणीला दुसरा दाखला शोधण्याची गरज नाहीं.