खोक्यावरचा आकडा आणि वर्गातली फूटपट्टी

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या निसर्ग-शिबिराला आम्ही गेलो होतो. मुक्कामी वीज नव्हती. नोंदी आणि छायाचित्रे यांसाठी दोन मोबाइल होते आणि ते चालावेत म्हणून शिक्षकांनी वर्गणी काढून ‘सौर पॉवर बँक’ आणली होती. खोक्यावर ठळक आकडा होता : २०,००० एमएएच. शाळेतून भरून आणलेली ही बँक दुसऱ्या दिवशी संपली. मग ती दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळी एक मोबाइल जेमतेम पाव भरला. मुलांनी निकाल दिला, “सौरऊर्जेत काही दम नाही!”

यंत्र मात्र ठणठणीत होते. ते आपल्या ऐपतीप्रमाणेच काम करत होते. दोष खोक्यावरच्या मजकुराचा होता आणि थोडा आपलाही.

एमएएचचा आकडा हौद केवढा आहे ते सांगतो. हौद भरणाऱ्या नळाची धार किती, हे वॅटवरून कळते आणि तोच आकडा खोक्यावर नव्हता. तो आपणच काढू या. त्यासाठी फूटपट्टी पुरते. बँकेवरची सौरपट्टी १४ सेंमी लांब व ७ सेंमी रुंद, म्हणजे सुमारे एक शतांश चौरस मीटर. भर दुपारचे स्वच्छ ऊन समोरून पडले, तर एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट मिळतात. आपल्या पट्टीवर १०. बाजारातले चांगले सिलिकॉन सौरघट यांपैकी पाचव्या हिश्श्याची वीज करतात. हाती आले २ वॅट.

आता हौद पाहू. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. २ वॅटने तो भरायला ३७ तास भर दुपारचे ऊन हवे. आपल्याकडे दिवसभराचे ऊन, वर्षाची सरासरी काढता, अशा सुमारे ५ तासांइतके भरते. म्हणजे एक गळती धरली नाही तरी आठवडा लागणार! शिवाय पट्टी उन्हाला ६० अंशांनी तिरपी झाली, तर वीज निम्म्यावर येते. सौरघट तापला, तर दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के घट होते.

या रचनेवर आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. पट्टीला ऊन हवे, पण तिच्या पोटातल्या लिथियम-आयन घटाला सावली हवी. असे घट साधारणतः ४५ अंशांपुढे भरू नयेत. दोघांना एकाच डबीत कोंडणे विज्ञानाला धरून नाही. अडीअडचणीला एखादा फोन करण्यापुरता या पट्टीचा उपयोग होईल. पण शिबिराची भिस्त तिच्यावर ठेवू नये.

मग काय घ्यावे? पट्टी वेगळी आणि बँक वेगळी घ्यावी. मधल्या तारेच्या लांबीने बँक सावलीत ठेवता येते. ५,००० एमएएचच्या एका मोबाइलला सुमारे १९ वॅट-तास लागतात. असे दोन मोबाइल रोज भरायचे, तर गळती धरून २० वॅटची घडीची पट्टी योग्य. तिचा दावा तपासण्यासाठी ए-फोर कागद शेजारी ठेवावा. तेवढ्या क्षेत्रफळातून फार तर १२-१३ वॅट निघतील. कागदाएवढीच पट्टी २८ वॅटचा दावा करत असेल, तर दुकानातून परत फिरावे.

शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक आपण नववी-दहावीला शिकवतो, गुणही देतो. खरेदीच्या वेळी मात्र तो फळ्यावरच राहतो. शिक्षकांनी अशी एखादी जाहिरात वर्गात आणून मुलांच्या हाती फूटपट्टी द्यावी. वर्गणीचे पैसे तर वाचतीलच. शिवाय, खोक्याच्या चुकीचे खापर सूर्यावर फोडायचे नसते, हेही मुलांना कळेल.