घरातील भिंत आणि देशांतर : दोन कथनांतील अंतःसीमा

स्थलांतराच्या साहित्याची समीक्षा बहुधा सीमा ओलांडण्याच्या क्षणापासून सुरू होते. अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८) ही इंग्रजी कादंबरी आणि डब्ल्यू. जी. झेबाल्ट यांच्या ‘दी आउसगेवान्डर्टेन’ (१९९२) या जर्मन ग्रंथातील डॉ. हेन्री सेल्विनचे कथन एकत्र वाचले असता हा आरंभबिंदू अपुरा ठरतो. दोन्हीकडे सीमा प्रथम घरात दिसते.

घोष यांच्या कादंबरीतील आजीचे ढाक्याचे घर भाऊबंदकीतून दुभंगते, तेही फाळणीपूर्वी. भिंत दारांतून, शौचकूपातूनही जाते. वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा वाटली जाते. पलीकडे सारे उलटे चालते, ही धाकट्या बहिणीसाठी रचलेली गोष्ट पुढे आजीलाही जवळजवळ खरी वाटू लागते. म्हणूनच १९६४ साली ढाक्याला निघताना विमानातून सीमा दिसेल का, हा तिचा प्रश्न केवळ भाबडा नाही. भिंतीवाचून ‘पलीकडे’ असते, हेच तिला उमगत नाही. ‘येणे’ आणि ‘जाणे’ या क्रियापदांतही तिचा गोंधळ उडतो. मराठीत निरोप घेणारा ‘येतो’ म्हणतो. त्या शब्दामागे परतण्याचे निश्चित स्थान गृहीत असते. आजीने नेमके तेच गमावले आहे.

सेल्विनच्या नॉरफोकमधील घरात नोकर मालकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून भिंतींआड बोळ काढलेले आहेत. त्याचे आयुष्यही तसेच दुहेरी आहे. १८९९ साली, सातव्या वर्षी, ग्रोड्नोजवळचे गाव सोडून अमेरिकेला निघालेले त्याचे कुटुंब लंडनला उतरते. हेर्श सेवेरिनचा हेन्री सेल्विन होतो आणि आपले मूळ तो पत्नीपासूनही दीर्घकाळ लपवतो. दुरावा पैशामुळे आला, उघड झालेल्या मुळामुळे की ओसरलेल्या प्रेमामुळे, हे त्यालाही ठरवता येत नाही.

साम्य येथे संपते. आजीची सीमा ‘दुसरा’ मागते, आणि राष्ट्र तिला तो पुरवते. ढाक्यातील हिंसेत आप्त गमावल्यावर, १९६५च्या युद्धात ती आपली सोन्याची साखळी युद्धनिधीला देते. तिचे एकाकीपण असे सामूहिक द्वेषात आश्रय शोधते. सेल्विनची सीमा मात्र एकाच माणसाच्या दोन नावांमधून जाते. तिला कोणताही समूह सामावून घेत नाही. उतारवयात गावाची ओढ अनावर होते आणि तो स्वतःवर गोळी झाडून घेतो.

‘द शॅडो लाइन्स’ सीमांचे मिथ्यत्व सिद्ध करते, हे प्रचलित वाचन यामुळे तपासावे लागते. सीमा कल्पित आहे म्हणून ती निष्प्रभ ठरत नाही. स्मृतीत बांधलेली भिंत नकाशावरील रेषेहून टिकाऊ असते, कारण ती पाडण्याचा करार कोणतीही दोन राष्ट्रे करू शकत नाहीत. संकराचा उत्सव करणाऱ्या स्थलांतरविचाराला आजीचा द्वेष आणि सेल्विनचे मौन या दोहोंचा हिशेब द्यावा लागेल.