आंतरविद्याशाखीय पदवी : दोन विषय भेटतात कुठे?



आम्ही दिल्लीत द्वारकेला राहतो. इथे सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ, सेक्टर १४ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि सेक्टर १६-सी मध्ये गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ आहे. तिन्ही सरकारी. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या सोसायटीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा माझ्याकडे आला. त्याने विचारले, "काका, मॅथ्स अँड कम्प्युटिंगमध्ये बी.टेक. करू की बी.ए. एलएल.बी.? दोन्हींत दोन-दोन विषय आहेत, म्हणजे दोन्ही आंतरविद्याशाखीयच ना?" मी तेव्हा "हो, साधारण तसंच" असे म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते. तुमच्यापैकी अनेकांपुढे हाच प्रश्न असेल म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी दोन शब्द वेगळे करू. एका विद्यार्थ्याने सोमवारी अर्थशास्त्र आणि मंगळवारी भौतिकशास्त्र शिकणे हे बहुविद्याशाखीय शिक्षण झाले. एका विषयातला प्रश्न दुसऱ्या विषयाशिवाय सुटतच नाही, अशा जागी विद्यार्थ्याला नेऊन उभे करणे हे आंतरविद्याशाखीय शिक्षण. माहितीपत्रकांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि माझा पहिला आक्षेप त्यालाच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० क्रेडिट आहेत. त्यांतली ९ बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांची. त्यांना नाव तरी प्रामाणिक दिले आहे. अभियांत्रिकीकडे या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमातही १६० क्रेडिट आहेत. त्यांत मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि व्यवस्थापन मिळून १२, तर खुले वैकल्पिक विषय १८. कागदावर हे वाईट नाही. पण खुला विषय किती खुला, हे शेवटी वेळापत्रक आणि उपलब्ध शिक्षक ठरवतात. शिवाय त्या १८ क्रेडिटचा तुमच्या मुख्य विषयाशी सांधा कोण जुळवणार, हे क्रेडिटच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ते काम विद्यार्थ्यावर सोडलेले असते.

आता त्या मुलाच्या दोन पर्यायांकडे पाहू. गणित आणि संगणन यांची भेट खरी आहे. दशमान ०.१ ही साधी संख्या द्विमान पद्धतीत लिहायला गेलात तर ती संपतच नाही. संगणक ती कुठेतरी तोडतो आणि कागदावर सिद्ध झालेली रीत यंत्रावर चुकीचे उत्तर देऊ शकते. ती चूक किती वाढेल, हे सांगायला गणित लागते. ज्या अभ्यासक्रमात हा प्रश्न मध्यभागी आहे, त्याचे जोडनाव सार्थ आहे. जिथे गणित विभाग चार पेपर घेतो, संगणक विभाग चार पेपर घेतो आणि दोघांची गाठ फक्त गुणपत्रिकेवर पडते, तिथे तो शेजार झाला.

बी.ए. एलएल.बी. हा आपल्याकडचा अधिक मुरलेला प्रयोग. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी १९८८ मध्ये बसली. दिल्लीचे विद्यापीठ २००८ चे. इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय म्हणजे कायद्याच्या दारातला टोलनाका, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. त्यांनी द्वारकेकडेच पाहावे. हे पूर्वीचे पप्पनकलां. गावांची शेतजमीन संपादित करून दिल्ली विकास प्राधिकरणाने इथे उपनगर वसवले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला बाजारभावाने ठरे. पण ज्या शेताचे उद्या शहर होणार आहे त्याचा बाजारभाव कोणता, आजचा की उद्याचा? इथे वकिलाला अर्थशास्त्र लागतेच, आणि वासाहतिक सरकारने तो कायदा कशासाठी केला होता हे कळायला इतिहासही लागतो.

भेटीचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचे आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या माणसाने तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने तपासली. नाणे जितके हाताळले जाईल तितके झिजते. सरासरी वजन उतरते आणि वजनांतला फरक वाढतो. त्यावरून कोणती नाणी आधीची याचा क्रम लावता येतो. त्यांच्याकडे 'गणित आणि इतिहास' अशी पदवी नव्हती. प्रश्न मात्र असा होता की एकट्या गणितज्ञाला तो सुचला नसता आणि एकट्या इतिहासकाराला सुटला नसता.

एक रुक्ष पण महत्त्वाची बाब. सार्वजनिक कंपन्यांच्या जाहिरातींत पात्र शाखांची नावे छापलेली असतात. तुमच्या जोडपदवीचे नाव त्या यादीत नसेल, तर समकक्षता सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. २०२१ पासून गेटमध्ये ठरावीक जोड्यांतले दोन पेपर देता येतात, पण परीक्षा देता येणे आणि नोकरीस पात्र ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रवेशापूर्वी दोन-तीन जुन्या जाहिराती काढून वाचा. पालक हे विचारतात तेव्हा आपण त्यांना जुनाट म्हणतो. या बाबतीत ते बरोबर असतात.

आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मिळवा. दोन्ही विषय लागतील असा एक तरी प्रश्न आहे का, पेन्सिलीने खूण करत जा.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, म्हणून माझेही सांगतो. मी संकेत प्रक्रिया शिकवताना ईसीजीचे उदाहरण वर्षानुवर्षे घेत आलो. श्वासाबरोबर आलेखाची मूळ रेषा वरखाली होते, ०.५ हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर लावला की ती सरळ होते. आलेख सुंदर दिसतो, मी खूश, मुले खूश. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आपण जे काढून टाकलं त्यात डॉक्टरांच्या कामाचं काही होतं का?" मला उत्तर येत नव्हते. नंतर वाचले. साध्या फिल्टरने एस-टी नावाचा भाग विकृत होऊ शकतो, आणि हृदयविकाराचा झटका ओळखताना डॉक्टर नेमका तोच भाग पाहतात. म्हणून निदानाच्या ईसीजीत ही मर्यादा परंपरेने ०.०५ हर्ट्‌झ, म्हणजे दहापट खाली, ठेवतात. इतकी वर्षे मी अर्धाच विषय शिकवला होता.

गेल्या परीक्षेत मी हाच प्रश्न दहा गुणांना घातला. बऱ्याच जणांनी तो सोडून दिला, एकाने लिहिले, "हा आपल्या सिलॅबसमध्ये नाही." तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर होते. पुढच्या सत्रात एका तासासाठी हृदयरोगतज्ज्ञांना वर्गात बोलवावे, असा अर्ज मी दिला आहे. हा तास कोणत्या विभागाच्या खात्यात धरायचा, यावर तो सध्या अडला आहे.